'रिझर्वेशन'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचे? शब्द चुकला की हक्काची खैरात होते

आरक्षणाच्या विरोधकांनी या देशात पहिली लढाई कोर्टात किंवा रस्त्यावर जिंकली नाही. ती त्यांनी शब्दांत जिंकली. संविधानाने दिलेल्या प्रतिनिधित्वाच्या हक्काला 'सवलत' म्हणायला त्यांनी सगळ्यांना शिकवले. मग 'सवलत किती वर्षे?', 'श्रीमंत दलिताला सवलत कशाला?', 'कुबड्या कधी टाकणार?' हे प्रश्न आपोआप आले. शब्द त्यांचा स्वीकारला की प्रश्नही त्यांचेच येतात, आणि मग आपली तरुण पोरं आयुष्यभर त्या प्रश्नांची उत्तरे देत बसतात.

ही गोष्ट मराठीपुरती राहिलेली नाही. आंबेडकरी चळवळ आज जगाशी बोलते आहे. 2001 साली डर्बन येथील वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित प्रतिनिधींनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा भारत सरकारने तो विषय येऊ नये म्हणून जोर लावला होता. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत आणि त्यात स्पॅनिश एक आहे. सुमारे वीस देशांची ती राजभाषा आहे. आपल्यासारखाच जन्मावरून अपमान सोसलेले लॅटिन अमेरिकेतले आदिवासी आणि आफ्रिकी वंशाचे कोट्यवधी लोक ही भाषा बोलतात. त्यांच्याशी आपले नाते जुळायचे असेल तर आपले शब्द त्यांच्या भाषेत कसे जातात याकडे आपणच लक्ष दिले पाहिजे.

आमच्या अभ्यासवर्गात काही मुले-मुली स्पॅनिश शिकतात. भारतातील आरक्षणावर एक दोन पानी टिपण स्पॅनिशमध्ये तयार करायचे ठरले. इंग्रजी मजकूर तयार होता. पहिल्याच ओळीत 'रिझर्वेशन' हा शब्द होता आणि त्या एका शब्दावर दोन रविवार गेले. बाहेरून कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, एवढा काथ्याकूट कशाला, डिक्शनरी उघडा आणि लिहा. पण डिक्शनरी उघडली तिथेच तर भांडण सुरू झाले.

एक शब्द, किती घरे?

इंग्रजीत 'रिझर्वेशन' या एकाच शब्दाला किमान पाच वेगळी घरे आहेत.

पहिले, हॉटेलातली खोली किंवा रेल्वेचे तिकीट आधी सांगून ठेवणे. दुसरे, मनातली शंका. एखाद्या प्रस्तावाला पाठिंबा आहे पण काही 'रिझर्वेशन्स' आहेत, असे आपले साहेब लोक म्हणतात तो अर्थ. तिसरे, आंतरराष्ट्रीय करारावर सही करताना एखादे कलम आपल्याला लागू नाही असे देशाने नोंदवून ठेवणे. चौथे, अमेरिकेत तिथल्या मूळनिवासी जमातींसाठी वेगळी ठेवलेली भूमी. आणि पाचवे, आपले आरक्षण.

मराठीत आपल्याला याचा फार त्रास होत नाही, कारण आपण हे अर्थ बऱ्यापैकी वेगळे ठेवले आहेत. रेल्वेच्या खिडकीवर आणि संविधानाच्या चर्चेत दोन्हीकडे 'आरक्षण' आहे खरे, पण मनातल्या शंकेला आपण आरक्षण म्हणत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र यातले बहुतेक अर्थ 'रेसेर्वा' या एकाच शब्दाला चिकटलेले आहेत. स्पेनमध्ये हॉटेलची खोली सांगून ठेवणे म्हणजे 'रेसेर्वा'. मनातला किंतु म्हणजे 'रेसेर्वा'. करारातली अट म्हणजे 'रेसेर्वा'. अमेरिकेतील मूळनिवासींची भूमी म्हणजे 'रेसेर्वा'. अभयारण्यही 'रेसेर्वा', आणि जुनी मुरवलेली वाइनसुद्धा 'रेसेर्वा'!

आता गंमत पाहा. भारताने 1968 साली वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय करारास मान्यता दिली, तेव्हा त्याच्या कलम 22 वर 'रिझर्वेशन' नोंदवले. म्हणजे भारतावरच्या एखाद्या इंग्रजी अहवालात एका पानावर 'इंडियाज रिझर्वेशन' असेल आणि दुसऱ्या पानावर 'रिझर्वेशन इन इंडिया' असेल. पहिले म्हणजे सरकारने जबाबदारीतून ठेवलेली पळवाट, दुसरे म्हणजे आपला हक्क. दोन्हीकडे डोळे मिटून 'रेसेर्वा' लिहिले तर स्पॅनिश वाचकाला पळवाट कुठली आणि हक्क कुठला हे कसे कळणार?

एकेक पर्याय तपासून पाहू

पहिला पर्याय 'रेसेर्वासिओन'. दिसायला हा इंग्रजीचा सख्खा भाऊ. लॅटिन अमेरिकेत तो सर्रास चालतो, पण हॉटेलात आणि रेस्टॉरंटमध्ये. 'दलितांसाठी रेसेर्वासिओन' असे वाचल्यावर तिकडच्या माणसाला वाटेल की कुणीतरी टेबल सांगून ठेवले आहे. हा पर्याय पहिल्याच फेरीत बाद झाला.

दुसरा पर्याय नुसता 'रेसेर्वा'. यात मोठा धोका आहे. 'भारतात दलितांसाठी रेसेर्वास आहेत' असे वाक्य केले की वाचकाच्या डोळ्यांसमोर जमीन येते. जणू दलितांना कुठेतरी वेगळ्या भूभागात ठेवले आहे. अमेरिकेतील मूळनिवासींना त्यांच्या विशाल प्रदेशातून हुसकून छोट्या तुकड्यांवर ढकलले गेले, त्या इतिहासाशी हा शब्द बांधलेला आहे. त्या तुकड्यांवर आज त्या जमाती आपले स्वशासन टिकवून आहेत, त्यांच्यासाठी ती अस्मितेची भूमी आहे, हेही खरे. पण आपला अर्थ वेगळा आहे. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवण्याचे काम मनूच्या व्यवस्थेने केव्हाच केले होते. आरक्षण हे गावकूस ओलांडून कचेरीत, कॉलेजात, विधिमंडळात आत येण्याचे साधन आहे. ज्या शब्दाने बाहेर ठेवल्याचे चित्र उभे राहते तो शब्द आत येण्यासाठी वापरणे म्हणजे अर्थ उलटा करणे.

तिसरा पर्याय 'आसिएन्तोस रेसेर्वादोस', म्हणजे 'रिझर्व्ड सीट्स'चे शब्दशः भाषांतर. इथे 'सीट' या दुसऱ्या शब्दाने घोळ घातला. स्पॅनिशमध्ये 'आसिएन्तो' म्हणजे बसायची जागा. बसमध्ये, मेट्रोत म्हाताऱ्या माणसांसाठी, गरोदर बायांसाठी जी आसने असतात ती 'आसिएन्तोस रेसेर्वादोस'. आपल्या एस.टी.त 'महिलांसाठी राखीव' लिहिलेले असते ना, तसे. त्या आसनामागे दया आहे, सौजन्य आहे. कुणीतरी भला माणूस उठून जागा देतो. बाबासाहेबांनी कुणाच्या सौजन्याने जागा मागितली नव्हती.

चौथा पर्याय 'कुओता'. वर्तमानपत्रांना हा शब्द आवडतो. छोटा आहे, सगळ्यांना कळतो, स्त्रियांच्या राखीव जागांसाठी बऱ्याच देशांत रूढ आहे. पण रोजच्या स्पॅनिशमध्ये 'कुओता' म्हणजे हप्ता किंवा वर्गणीसुद्धा. शिवाय त्यात फक्त आकडा आहे, कारण नाही. किती टक्के ते कळते, का ते कळत नाही. आपल्याकडे 'कोट्यातला', 'कोट्यातली' असे जे हिणवून म्हटले जाते, तसाच वास त्याला तिकडेही येऊ शकतो. याचा जवळचा शब्द 'कूपो'. तो थोडा बरा, कारण कोलंबियासारख्या देशात विद्यापीठातल्या प्रवेशाच्या जागेलाच 'कूपो' म्हणतात. अर्जेंटिनाने 1991 साली उमेदवारांच्या यादीत किमान 30 टक्के स्त्रिया असाव्यात असा कायदा केला, तो 'कूपो'चा कायदा म्हणूनच ओळखला गेला.

पाचवा पर्याय सगळ्यांत घातक: 'दिस्क्रिमिनासिओन पोसितिवा', म्हणजे 'सकारात्मक भेदभाव'. स्पेनमध्ये हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की भले भले पुरोगामीही तो सहज वापरतात. पण विचार करा. हजारो वर्षे भेदभाव कुणी केला? आणि तो दूर करण्याच्या उपायाचे नावच 'भेदभाव' ठेवायचे? म्हणजे दोन्ही बाजू भेदभाव करणाऱ्या, एकाचा वाईट आणि एकाचा चांगला, एवढाच फरक! हा आक्षेप फक्त आमचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने 2009 च्या आपल्या सर्वसाधारण शिफारस क्रमांक 32 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मानवी हक्कांच्या परिभाषेत हा शब्दप्रयोग स्वतःच्याच विरोधात जातो आणि तो टाळावा. कुणी स्पॅनिश मित्राने हा शब्द वापरला तर त्याच्याशी भांडू नका, ही शिफारस त्याच्यासमोर ठेवा.

सहावा पर्याय 'मेदिदास एस्पेसियालेस', म्हणजे 'विशेष उपाययोजना'. हा त्याच कराराचा अधिकृत शब्द आहे. संयुक्त राष्ट्रांपुढे निवेदन द्यायचे असेल तर तो वापरावाच लागेल, कारण त्या शब्दाला कायद्याचे बळ आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्या करारात विशेष उपाय हे उद्दिष्ट साध्य होईपर्यंतचे, म्हणजे तात्पुरते मानले आहेत. आपल्याकडे नोकऱ्यांतील आरक्षणाला संविधानाने कालमर्यादा घातलेली नाही. दहा वर्षांची मुदत होती ती कलम 334 मध्ये, लोकसभा आणि विधानसभांतील राखीव जागांना. ती वेळोवेळी वाढत गेली आणि आता 25 जानेवारी 2030 पर्यंत आहे. 'आरक्षण दहा वर्षांसाठीच होते' ही थाप आपल्याकडे रोज मारली जाते. तीच थाप एका शब्दातून स्पॅनिशमध्ये जाऊ नये, एवढी काळजी घ्यायची.

आपल्याच अर्थात तीन अर्थ आहेत

इथवर आल्यावर वर्गातल्या एका मुलीने विचारले, "मग एकच बरोबर शब्द कोणता ते सांगा ना." तिचा प्रश्न रास्त होता. पण संविधान उघडले की कळते, आपण ज्याला एका दमात आरक्षण म्हणतो ती एक गोष्ट नाही, तीन आहेत.

कलम 330 आणि 332 मध्ये लोकसभा आणि विधानसभांतील 'सीट्स' राखीव आहेत. कलम 16(4) मध्ये 'अपॉइंटमेंट्स ऑर पोस्ट्स', म्हणजे नियुक्त्या किंवा पदे राखून ठेवण्याची तरतूद आहे. आणि 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेल्या, शिक्षणातील प्रवेशांना आधार देणाऱ्या कलम 15(4) मध्ये तर 'रिझर्वेशन' हा शब्दच नाही. तिथे 'विशेष तरतूद' असे शब्द आहेत. मराठीत आपण तिन्ही ठिकाणी 'राखीव जागा' म्हणून मोकळे होतो, कारण आपली 'जागा' सगळीकडे चालते. विधानसभेची जागा, क्लार्कची जागा, मेडिकलची जागा. स्पॅनिशमध्ये तसे होत नाही. सभागृहातली जागा म्हणजे 'एस्कान्यो'. नोकरीतली किंवा कॉलेजातली जागा म्हणजे 'प्लासा'. पद म्हणजे 'पुएस्तो'. बसमधली जागा म्हणजे 'आसिएन्तो'.

म्हणून उत्तर असे निघाले: विधिमंडळाबद्दल बोलत असाल तर 'एस्कान्योस रेसेर्वादोस'. नोकरी किंवा शिक्षणाबद्दल बोलत असाल तर 'प्लासास रेसेर्वादास'. आणि पूर्ण धोरणाबद्दल बोलत असाल तर निदान पहिल्यांदा तरी नुसता शब्द न ठेवता त्याचे कारण सोबत जोडायचे: 'रेप्रेसेन्तासिओन'साठी, म्हणजे प्रतिनिधित्वासाठी, कायद्याने राखून ठेवलेल्या जागा.

प्रतिनिधित्व हा शब्द आम्ही वरून आणून चिकटवलेला नाही. तो कलम 16(4) च्या पोटातच आहे. राज्याच्या सेवांमध्ये ज्या मागास वर्गाला पुरेसे प्रतिनिधित्व नाही त्याच्यासाठी पदे राखून ठेवता येतील, असा त्याचा आशय आहे. तिथे गरिबी हा शब्द नाही. 1919 साली साउथबरो समितीपुढे तरुण बाबासाहेबांनी मांडणी केली तीही प्रतिनिधित्वाची होती. आमची मते कुणीतरी दुसऱ्याने मांडणे पुरेसे नाही, आमची माणसे तिथे बसली पाहिजेत, असा त्यांचा रोख होता. 1932 चा पुणे करारदेखील अस्पृश्य वर्गाच्या विधिमंडळातील प्रतिनिधित्वाबाबतचा करार होता. 30 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की प्रशासन आजवर एका किंवा मोजक्या समाजांच्या हाती राहिले आहे, आणि बाहेर राहिलेल्या समाजांना त्यात प्रवेश मिळण्याची वाट हवी. त्याआधी 1902 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तेव्हाही दरबारातल्या नोकऱ्यांवर एकाच जातीचे वर्चस्व होते, हेच कारण होते.

हा सगळा इतिहास एका शब्दात मावणार नाही, हे आम्हालाही कळते. पण ज्या शब्दाने या इतिहासाच्या विरुद्ध अर्थ निघतो तो शब्द तरी वापरू नये.

शब्द त्यांच्याकडे आहेत, आपण शोधले पाहिजेत

चांगली बातमी अशी की आपल्याला स्पॅनिशमध्ये नवे शब्द घडवायची गरज नाही. तिकडच्या लढ्यांनी ते आधीच घडवले आहेत.

चिलीमध्ये नवे संविधान लिहिण्यासाठी 2021 साली जी सभा निवडली गेली तिच्यात 155 जागा होत्या, आणि त्यातल्या 17 जागा मूळनिवासी समाजांसाठी राखीव होत्या. त्यांना 'एस्कान्योस रेसेर्वादोस' असेच म्हटले गेले. त्यातल्याच एका जागेवरून निवडून आलेल्या मापुचे समाजाच्या भाषातज्ज्ञ एलिसा लोंकोन यांची 4 जुलै 2021 रोजी त्या सभेच्या अध्यक्षपदी निवड झाली. त्या सभेचा मसुदा पुढच्या वर्षी जनमतात नामंजूर झाला, ती वेगळी चर्चा. पण चिलीतल्या कुणाही माणसाला 'एस्कान्योस रेसेर्वादोस' म्हणजे काय हे आता समजावून सांगावे लागत नाही. राखीव जागेवरून आलेली बाई अख्ख्या सभेची अध्यक्ष होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

कोलंबियाच्या 1991 च्या संविधानाने सिनेटमध्ये आदिवासी समुदायांसाठी दोन जागा एका खास राष्ट्रीय मतदारसंघातून ठेवल्या. बोलिव्हियाच्या 130 सदस्यांच्या कनिष्ठ सभागृहात आदिवासींसाठी 7 विशेष मतदारसंघ आहेत. या व्यवस्थेला तिकडे 'सिर्कुन्स्क्रिप्सिओन एस्पेसियाल' म्हणतात, म्हणजे विशेष मतदारसंघ. बाबासाहेबांनी मागितलेले आणि पुणे करारात गमावलेले स्वतंत्र मतदारसंघ स्पॅनिश वाचकाला समजावायचे असतील तर याच शब्दापासून सुरुवात करता येईल. मात्र दोन्ही व्यवस्था एकच आहेत असे म्हणू नका, फरकही सांगा.

खुद्द स्पेनमध्ये सरकारी नोकरभरतीत किमान 7 टक्के जागा अपंग व्यक्तींसाठी राखल्या जातात. त्यांच्या कायद्यातच 'राखणे' हे क्रियापद आणि 'कूपो' हा शब्द एकत्र आले आहेत. म्हणजे माद्रिदचा माणूस तुम्हाला म्हणाला की 'राखीव जागा हा भारतातला विचित्र प्रकार आहे', तर त्याला त्याच्या देशाचा कायदा दाखवा.

'डिसेंट' आणि 'कास्ता': आणखी दोन सापळे

'रिझर्वेशन' एकटा नाही. 'डिसेंट' हा इंग्रजी शब्द घ्या. विमान खाली उतरते तेही डिसेंट, आणि माणूस ज्या कुळात जन्मला तेही डिसेंट. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी 'देसेन्सो', दुसऱ्यासाठी 'लिनाहे'. 1965 च्या वंशभेदविरोधी कराराच्या पहिल्याच कलमात हा शब्द आहे, आणि त्याच्या स्पॅनिश पाठात 'लिनाहे' लिहिले आहे, म्हणजे वंशावळ, कुळ. हा शब्द मसुद्यात आला तो भारताच्याच दुरुस्तीतून! नंतर त्याच भारताचे सरकार म्हणू लागले की या शब्दात जात येत नाही. समितीने 2002 च्या शिफारस क्रमांक 29 मध्ये जात त्यात येते हे स्पष्ट केले. इथे स्पॅनिश पाठ आपल्या बाजूने बोलतो. जन्माने मिळणारे कुळ म्हणजे जात नाही तर दुसरे काय? ज्या स्पेनने 1449 साली तोलेदो शहरात धर्मांतरित ज्यूंच्या वंशजांना 'रक्त अशुद्ध' म्हणून पदांवरून हटवण्याचा फतवा काढला, तिथल्या वाचकाला जन्मावरून होणारी बंदी समजायला अवघड जाऊ नये.

उलट 'कास्ता' हा शब्द सोपा वाटतो आणि फसवतो. इंग्रजीतला 'कास्ट' मूळचा याच पोर्तुगीज-स्पॅनिश शब्दावरून आला. पोर्तुगीज गोव्यात आणि किनाऱ्यावर आले, त्यांनी इथले जन्माचे कप्पे पाहिले आणि आपल्याकडचा वंशाचा, पैदाशीचा शब्द त्याला लावला. म्हणजे इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये नेताना हा शब्द आपल्या माहेरी परत जातो. पण माहेर बदलले आहे. मेक्सिकोत 'कास्ता' म्हटले की वसाहतकाळातील मिश्र वंशांची उतरंड आठवते. स्पेनमध्ये 2014 पासून पोदेमोस पक्षाने राजकारणातल्या बड्या धेंडांना 'ला कास्ता' म्हणायला सुरुवात केली, आणि अर्जेंटिनात हावियेर मिलेई 2023 ची निवडणूक त्याच शब्दावर लढले आणि जिंकले. आता ब्वेनोस आयरेसमध्ये 'कास्ता नष्ट करा' असा फलक लावलात, तर लोकांना वाटेल तुम्ही पुढाऱ्यांना शिव्या देताय! म्हणून तिथे 'भारतातील जातिव्यवस्था' असे पूर्ण लिहावे, आणि जन्म, विवाहबंदी, अस्पृश्यता हे शब्द लगेच सोबत यावेत.

आक्षेप आणि आमचे म्हणणे

काही मित्र म्हणतील, 'कुओता' सगळ्यांना कळतो, मग लांबलचक वाक्य कशाला? आम्ही म्हणतो, बातमीच्या मथळ्यात 'कुओता' येऊ द्या, मथळ्याला जागा कमी असते. पण लेखात, निवेदनात, भाषणात पहिल्यांदा पूर्ण अर्थ सांगा, नंतर छोटा शब्द वापरा. पहिल्या वाक्यात प्रतिनिधित्व आले की पुढच्या प्रत्येक 'कुओता'ला त्याचा आधार मिळतो.

दुसरे म्हणतील, भाषांतर नकोच, 'आरक्षण' हाच शब्द स्पॅनिशमध्ये ठेवा. 'दलित' हा शब्द तसा जगभर गेलाच ना? बरोबर. पण 'दलित' गेला तो साहित्यातून, चळवळीतून, पन्नास वर्षांच्या घामातून. नुसता परका शब्द टाकून दिला की वाचक त्याला भारतातली एक गूढ प्रथा समजून पुढे जातो. आपल्याला त्याचे कुतूहल नको, त्याची साथ हवी.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वस्तीत पाणी नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, भरती बंद आहे, आणि तुम्ही स्पॅनिश शब्द घोळत बसलात? आम्ही रोज वस्तीतच काम करतो, त्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर असे की भरती बंद होते तेव्हा लोक गप्प का बसतात? कारण आरक्षण ही खैरात आहे हे समाजाच्या डोक्यात आधीच बसवलेले असते. खैरात बंद झाली तर कोण रडणार? 2019 मध्ये 103 व्या घटनादुरुस्तीने आर्थिक निकषावर 10 टक्के आरक्षण आले, तेव्हा आरक्षण म्हणजे गरिबी हटाव योजना हा चुकीचा अर्थ थेट संविधानात शिरला. 1992 च्या इंद्रा सहानी निकालाने केवळ आर्थिक निकषावरचे असेच 10 टक्के आरक्षण रद्द केले होते. दोन घटनांच्या मध्ये सत्तावीस वर्षे आहेत, आणि त्या सत्तावीस वर्षांत शब्दाचा अर्थ रोज थोडा थोडा बदलत गेला. शब्द गेला की त्याच्या मागोमाग भरतीही जाते.

तरुणांनी काय करावे?

इंग्रजीतून कोणत्याही भाषेत जाताना, मग ती स्पॅनिश असो की मराठी, आमच्या वर्गाने ठरवलेल्या चार गोष्टी सांगतो.

एक, शब्दाचे भाषांतर करू नका, वाक्यात तो शब्द काय काम करतो ते आधी मराठीत लिहून काढा. 'रिझर्वेशन' इथे खोली आहे, शंका आहे, जमीन आहे की पद आहे?

दोन, निवडलेला शब्द वाचून समोरचा माणूस पुढचा प्रश्न कोणता विचारेल याचा विचार करा. 'सवलत' वाचून तो विचारेल, 'कधी संपणार?' 'प्रतिनिधित्व' वाचून तो विचारेल, 'वाटा पुरेसा आहे का?' ज्याने दुसरा प्रश्न येतो तो शब्द बरोबर.

तीन, त्या देशाचा कायदा आणि तिथल्या शोषितांची चळवळ कोणता शब्द वापरते ते शोधा. डिक्शनरी किंवा मोबाईलमधले भाषांतर ही सुरुवात आहे, शेवट नाही.

चार, झालेले भाषांतर दुसऱ्याकडून परत मराठीत करून घ्या. परत येताना 'भेदभाव', 'भीक' किंवा 'अभयारण्य' घेऊन आले तर पुन्हा बसा.

आणि हे सगळे करण्याआधी आपले घर तपासा. आपल्याच अर्जावर, आपल्याच भाषणात, आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपण 'सवलत मिळाली', 'सवलतीतून लागलो' असे म्हणतो की नाही? जो समाज स्वतःच्या हक्काला स्वतःच्या भाषेत सवलत म्हणतो, त्याच्या हक्काचे स्पॅनिश भाषांतर कुणी बरोबर करील अशी अपेक्षा ठेवू नये. बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिले ते जगाला कळावे म्हणून, आणि शब्द निवडताना ते किती काटेकोर होते हे त्यांचे कुठलेही पान उघडून पाहा. ती शिस्त आपल्याला जमली पाहिजे. परवा कुणी तुम्हाला 'सवलतवाला' म्हणाले, तर रागावण्याआधी त्याचा शब्द दुरुस्त करा: सवलत नाही, प्रतिनिधित्व. मग तो पुढचा प्रश्न कोणता विचारतो ते पाहा.

जय भीम! जय संविधान!